फलकावर नसलेली नावं

आपल्या शाळेच्या सभागृहातल्या फलकावर दहावीत पहिल्या आलेल्यांची नावं आहेत. १९८६ च्या ओळीत माझ्या वर्गमैत्रिणीचं नाव आहे आणि ते तिथे असायलाच हवं. संस्कृतात तिच्या जवळपास कोणी नव्हतं. मुख्याध्यापक बक्षीस समारंभात दरवर्षी जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीबद्दल सांगत. मॅट्रिकच्या संस्कृतासाठीची ती मानाची शिष्यवृत्ती १९१२ साली चिंतामणराव देशमुखांना मिळाली. रायगडाजवळच्या नाते गावात जन्मलेले, पुढे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झालेले. 'आपल्या कोकणातले', हे सर दोनदा म्हणत.

त्याच वर्षी १५ ऑगस्टच्या समारंभात एक बक्षीस मलाही मिळालं, शाळेच्या कार्यशाळेतल्या उत्कृष्ट जॉबचं, म्हणजे हाताने घडवलेल्या वस्तूचं. लोखंडाच्या दोन पट्ट्या. एकीत खाच, दुसरीला त्या खाचेत बसणारी जीभ. कानशीने घासायचं, गुण्या लावून काटकोन बघायचा, पुन्हा घासायचं. कार्यशाळेचे सर दोन्ही तुकडे जोडून खिडकीकडे धरत. फटीतून उजेड दिसला की जॉब परत. माझा चार वेळा परत आला. बोटांची सालं निघाली होती. पाचव्या वेळी सर म्हणाले, "आता काळोख आहे." तेवढंच.

बक्षीस होतं व्हर्नियर कॅलिपर, बारीक मापं घ्यायचं साधन. जून-जुलैत मासेमारी बंद झाली की हर्णैच्या बोटींची इंजिनं माझ्याकडे दुरुस्तीला येतात. बोटीच्या पंख्याचा शाफ्ट, म्हणजे दांडा, किती झिजलाय ते मी अजून त्याच व्हर्नियरने मोजतो. ०.०२ मिलिमीटरपर्यंतचा फरक त्यात कळतो. शाफ्ट आणि तो ज्यात फिरतो ते बुश यांच्यात फट वाढली की बोट थरथरते, पाणी आत यायला लागतं, आणि बोटीवरची माणसं तर आपल्याच गावची असतात.

कार्यशाळेच्या बक्षिसाचा फलक मात्र कधी झाला नाही. माझ्यानंतर ज्यांना ते मिळालं त्यांतला एक आज आयटीआयमध्ये शिकवतो, एकीचं वायरिंगचं काम दापोलीपर्यंत चालतं. या मुलांची नावं आजच्या आठवीतल्या मुलांना दिसायला हवीत, पहिल्या नंबरांच्या शेजारी, तेवढ्याच मोठ्या अक्षरात. शाळेच्या सुवर्णमहोत्सवात एवढं करूया. सागाची फळी माझ्याकडे आहे, रंधा मारून ठेवली आहे. वर्षवार नावं कार्यशाळेच्या सरांच्या वहीत आहेत. ती वही कार्यशाळेच्या कपाटात, वरच्या खणात असायची.