सीटमागचे २२ सेंटीमीटर: दुसरा बॉक्स बसला

सबचा (सबवूफर, म्हणजे फक्त खालचा बास वाजवणारा स्पीकर) दुसरा बॉक्स परवा रात्री बसवला आणि आज सलग दोन तास गाडी चालवून आलो. पाठ दुखली नाही. आधी हेच सांगतो, कारण पहिला बॉक्स चांगला वाजत असूनही मी केवळ पाठीपायी काढला होता.

गाडी सिंगल कॅब पिकअप. सीट मला हवी तशी टेकवली की तिची पाठ आणि मागचा पत्रा यांच्यात तळाशी २२ सेंटीमीटर उरतात, वर जेमतेम १०. पहिल्या वेळी मी माप घेतलं ते सीट पुढे ओढून, पाठ सरळ उभी करून. आत वाकून टेप धरायला तसंच सोपं जातं. त्या मापावर बनलेला बॉक्स तळाशी २४, वर १४ आणि उंचीला ४० सेंटीमीटर झाला. आत सब आणि आधारपट्टी धरून निव्वळ ३० लिटर. आवाज भरदार होता, पण सीट मागे टेकेना. ताठ बसून गाडी चालवायची आणि गुडघे स्टिअरिंगखाली अडकवायचे, हे महिनाभर सोसलं.

म्हणून या वेळी माप घ्यायच्या आधी मी सीटवर बसलो. रोज बसतो तसा, पट्टा लावून. मग त्या जागी सीट न हलवता मागे पुठ्ठ्याचा त्रिकोणी साचा सरकवला. चार वेळा कापला. मागच्या पत्र्यावर जी उभी घडी असते ती पहिल्या तीन साच्यांनी मला दाखवलीच नव्हती. चौथ्याला तिथे खाच द्यावी लागली.

नवा बॉक्स बाहेरून तळाशी १९, वर ९, उंची ३६, रुंदी ६० सेंटीमीटर. एमडीएफ (दाबलेल्या लाकडी तंतूंचा फळा) १८ मिलिमीटरचा, त्यामुळे आतून तळ १५.४, माथा ५.४, उंची ३२.४, रुंदी ५६.४. तिरक्या बॉक्सचं घनफळ काढताना तळ आणि माथा यांची सरासरी घ्यायची: १०.४ गुणिले ३२.४ गुणिले ५६.४, म्हणजे साधारण १९ लिटर. सबचं चुंबक आणि आधारपट्टी वजा जाता साडेसतरा. सब तोच, १० इंची उथळ बांध्याचा.

३० वरून साडेसतरा म्हणजे बास गेला, अशी माझी खात्री होती. बंद बॉक्समधली हवा पडद्याला मागून स्प्रिंगसारखी रेटते. बॉक्स जितका लहान तितकी ती स्प्रिंग ताठ. माझ्या सबची मोकळ्या हवेतली अनुनाद वारंवारता ३२ हर्ट्झ, व्हीएएस (पडद्याच्या टांगणीइतकीच लवचिक असलेली हवा) २५ लिटर, क्यूटीएस (अनुनाद किती आवरलेला आहे याचा आकडा, मोठा म्हणजे कमी आवरलेला) ०.५. हिशेब केला तर मोठ्या बॉक्सात अनुनाद ४३ हर्ट्झला येतो आणि क्यूटीसी (बॉक्सात बसवल्यावरचा तोच आकडा) ०.६८, लहानात ५० हर्ट्झ आणि ०.७८. कागदावर तोटा दिसतो. पण त्या कागदावर कॅब नसते.

कॅबची सगळ्यात लांब बाजू पावणेदोन मीटरच्या आसपास. ज्या स्वराची अर्धी लहर तेवढ्यात मावत नाही, त्या स्वराला ही कॅब खोली राहत नाही. साधारण १०० हर्ट्झच्या खाली सब लहरी सोडत नाही, सगळ्या हवेचा दाबच वरखाली करतो. तत्त्वतः स्वर खाली जाईल तसा हा दाब दर सप्तकाला १२ डेसिबलने चढत जातो, आणि बंद बॉक्स अनुनादाच्या खाली नेमका १२ डेसिबलनेच उतरतो. चढ आणि उतार एकमेकांना सावरतात. दारांच्या फटी आणि लवणारा पत्रा यांमुळे पूर्ण चढ कधी मिळत नाही, पण लहान बॉक्सचं नुकसान कॅबच बरंचसं भरून काढते. काल २० ते १०० हर्ट्झचा चढता स्वर लावला तेव्हा ३० च्या आसपास पाठीला जो दाब जाणवला, तो मोठ्या बॉक्सपेक्षा फारसा कमी नव्हता. छोट्या कॅबसाठी मी आता बंद बॉक्सशिवाय दुसरा विचार करणार नाही.

जोडकामात सुतारी गोंद, स्क्रू आणि आतून प्रत्येक सांध्यावर सिलिकॉन. ते २४ तास सुकू दिलं, मग उशीत भरतात तो पॉलिएस्टरचा कापूस सैलसर भरला. ३० हर्ट्झचा स्वर लावून टिश्यूची पातळ पट्टी कडेकडेने फिरवली. तीन बाजूंना पट्टी स्थिर. तारांच्या टर्मिनलपाशी आली आणि पाकोळीसारखी थरथरू लागली. स्क्रू काढून खाली फोमची पट्टी घातली, बंद झालं. एवढ्याशा भोकातून जो फुसफुस आवाज येतो तो गाणं लागलं की कानाला कळत नाही, पण तळचा बास तिथूनच गळतो.

बॉक्स दोन ब्रॅकेटनी जमिनीला बोल्ट केलाय. भोक पाडण्याआधी गाडीखाली जाऊन ब्रेकचे पाइप आणि इंधनाची नळी कुठून जाते ते पाहिलं. सीटबेल्टच्या बोल्टला हात लावला नाही, कुणी लावूही नये.

वायरिंग पहिलंच ठेवलं: ८ गेजची तार, बॅटरीपासून ४५ सेंटीमीटरच्या आत ४० अँपिअरचा फ्यूज, अर्थिंग रंग खरवडून उघड्या पत्र्यावर. अ‍ॅम्प्लिफायर २ ओहमवर ३०० वॉटचा, त्याला २४.५ व्होल्ट होतात. सब सोडवून ५० हर्ट्झचा स्वर लावला आणि गेन (सिग्नल किती वाढवायचा ते ठरवणारी कळ) मल्टिमीटरवर २३ ला थांबवला. सबचा कट ८० हर्ट्झला, म्हणजे त्यावरचे स्वर त्याला जात नाहीत; दारातल्या स्पीकरनाही ८० च्या खाली काही जाऊ देत नाही.

सबच्या तारा उलटसुलट करून पाहणं मात्र सोडू नका. एका जोडणीत बास पाठीमागून, पोकळ येत होता. उलटी केल्यावर तोच ढोल डॅशबोर्डवर येऊन बसला. दोन मिनिटांचं काम, आणि सगळ्या खटाटोपात इतका फरक दुसऱ्या कशानेच पडला नाही.

आता राहिलंय ते खडखडीचं. मागच्या प्लास्टिक आच्छादनाला आतून फेल्ट लावलं, रिकाम्या बाजूच्या पट्ट्याच्या बकलला कापड गुंडाळलं. ४२ हर्ट्झला अजून काहीतरी किणकिणतं, बहुतेक काचेच्या वरची पट्टी. शिवाय सीटमागे असलेला जॅक सध्या पायापाशी पडलाय. त्याला जागा शोधायची आहे.