मधे जाड चादर असल्यासारखं

बायकोला एमएस आहे हे कळून सहा वर्षं झाली. एमएस म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस, मेंदू आणि मणक्यातल्या नसांवरचं आवरण आपलीच प्रतिकारशक्ती खराब करते, मग निरोप नीट पोचत नाहीत. चालणं, डोळे, थकवा यावर नातेवाईक पण विचारतात. नवरा-बायकोच्या संबंधांचं काय होतं हे कुणी विचारत नाही, आणि आम्ही दोघंही तीन वर्षं त्यावर बोललो नव्हतो.

मी जवळ गेलो की ती कूस बदलायची. मला वाटलं हिचं मन उडालं, आजारी माणसाला काय त्रास द्यायचा, म्हणून मी गप्प. तिला वाटायचं याला आता मी नकोशी झाले. घर छोटं, आई हॉलमध्ये, पोरं जवळ, त्यामुळे न बोलायला कारणं भरपूर.

एका रात्री लाइट गेले म्हणून गच्चीवर बसलो होतो. तिने माझा हात उचलून स्वतःच्या डाव्या मांडीवर ठेवला अन् म्हणाली, "तू इथं हात लावलास की मधे आपली जाड चादर आहे असं वाटतं बघ." मग हात गुडघ्याखाली नेला, "आणि इथं नुसता वारा लागला तरी आग होते." मला तिथंच रडू आलं, तीन वर्षं मी भलतंच समजत होतो.

आधी एका डॉक्टरांना कसंबसं विचारलं होतं, ते म्हणाले दोन पोरं झाली ना, मग आता कशाला. त्यानंतर माझी जीभच रेटेना. पण गच्चीवरच्या त्या रात्रीनंतर पुढच्या वेळी सोलापूरहून हुतात्मा एक्स्प्रेसनं पुण्याला गेलो तेव्हा चिठ्ठीवर प्रश्न लिहून तिथल्या डॉक्टर मॅडमपुढे सरकवला, कारण शेजारी सासूबाई होत्या. मॅडमनी आम्हा दोघांनाच आत थांबवलं आणि अर्धा तास बोलल्या. बधिरपणा, कोरडेपणा हे नसांमुळे, थकवा, पाय ताठणं, लघवीची घाई याने पण अडतं, आणि तिसरं मन, डिप्रेशनच्या काही गोळ्यांनीही इच्छा कमी होते, तिची गोळी त्यांनी बदलली (स्वतःहून बंद करू नका कुणी). पुरुषाला एमएस असेल तर ताठरता यायला अडचण येऊ शकते, त्यालाही औषध आहे, पण हार्टची नायट्रेटची गोळी चालू असेल तर ते अजिबात चालत नाही.

मग त्यांनी सांगितलं तसं पंधरा मिनिटं फक्त हात फिरवायचा, डोक्यापासून पायापर्यंत, आणि तिने सांगायचं कुठं बरं वाटतं, कुठं नको, पुढे काही करायचंच नाही. कानामागे अन् मानेवर तिला अजून सगळं कळतं, हे मला लग्नाला बारा वर्षं झाल्यावर कळलं. कोरडेपणासाठी पाण्याचा बेस असलेलं जेल मेडिकलमध्ये मिळतं, मी गल्लीतलं दुकान सोडून सात रस्ता चौकात जाऊन आणलं. आधी बाथरूमला जाऊन येणं, खाली जुना टॉवेल, गुडघ्यांमधे उशी, पाय ताठू नयेत म्हणून जी गोळी आहे तिची वेळ डॉक्टरांना विचारून जुळवलेली. रात्री ती पार थकलेली असते, म्हणून आता पहाटे. आणि उन्हाळ्यात इथं ४३-४४ डिग्री असते तेव्हा तिचं सगळंच बिघडतं, उष्णतेने त्रास तात्पुरता वाढतो, याला उथॉफ नावाच्या जर्मन डॉक्टरचंच नाव आहे, त्याने १८९० साली श्रमाने नजर तात्पुरती अंधुक होते हे नोंदवलं होतं, त्यामुळे कूलर लावून खोली गार झाल्याशिवाय नाहीच.

मला सगळ्यात जड गेलं ते वेगळंच. दिवसभर मीच तिला अंघोळ घालायचो, कपडे बदलायचो, मग रात्री तोच हात नवऱ्याचा कसा वाटणार, तिलाही आणि मलाही. पैशाची ओढाताण करून अंघोळीला एक मावशी ठेवल्या. वेणी मात्र मीच घालतो, ती मी कुणाला देणार नाही.

पुढच्या महिन्यात परत पुण्याला जायचंय. या वेळी प्रश्न तिने स्वतः वहीत लिहून काढलेत, आणि पहिला याचाच आहे.