घरात कुणी आहे का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते: नाही, आमच्या घरात कुणी अंध नाही.

हा प्रश्न मला इतक्यांदा येतो की तो कसा येणार हेही आता ठाऊक झालंय. आधी कौतुक होतं. मग कुणीतरी म्हणतं, गोष्टी छान लिहितेस, तुझ्या वयाची मुलं ज्यावर लिहितात त्यावर लिही की. सारखं ब्रेल, लेखनिक, बोलकी पुस्तकं हे कुठून येतं? आणि मग आवाज जरा खाली घेऊन, "घरात कुणी आहे का?" विचारणाऱ्याच्या मनात माया असते, हे मला कळतं. तरी दर वेळी मला वाईट वाटतं. ज्याच्या घरात आहे त्यानंच बोलावं, बाकीच्यांनी कशाला, असं आपण किती सहज धरून चालतो.

मी या विषयाकडे आले ती शब्दांच्या वेडापायी. सोळा-सतरा वर्षांची असताना पहिल्यांदा लेखनिक म्हणून, म्हणजे परीक्षेत अंध विद्यार्थिनी सांगेल ती उत्तरं लिहायला, बसले. जिची उत्तरं लिहायची होती ती माझ्याहून दोन वर्षांनी मोठी, म्हणून मी तिला ताई म्हणायचे. लेखनिकाला नियम एकच, पण कडक: समोरचा सांगेल तेवढंच आणि तसंच लिहायचं. तिचं वाक्य मला लंगडं वाटलं तरी हात लावायचा नाही. चांगला शब्द सुचला तरी गिळायचा. ताई स्वल्पविरामासकट सांगायची. मध्येच थांबवून, "मागची ओळ वाच," म्हणायची आणि ऐकून एखादा शब्द बदलायची. सतत स्वतःचीच वाक्यं डोक्यात घोळवणाऱ्या मला तीन तास दुसऱ्या कुणाच्या वाक्यामागून चालावं लागलं.

भाषेच्या त्या पेपरात एक प्रश्न होता: चित्र पाहा आणि वर्णन लिहा. पर्यायी प्रश्न दिलेला नव्हता. हा प्रश्न ज्यांनी काढला त्यांच्या डोळ्यांसमोर ताईसारखी विद्यार्थिनी आलीच नसणार. पर्यवेक्षकांनी थोडा विचार केला आणि मला म्हणाले, चित्रात काय आहे ते सांग, उत्तर तिला देऊ दे.

मी सांगितलं, "एक मुलगी खिडकीपाशी उभी आहे. उदास दिसतेय."

ताईनं विचारलं, "उदास दिसतेय म्हणजे काय दिसतंय?"

मला उत्तर देता येईना. पुन्हा चित्राकडे पाहिलं. "मान खाली आहे. एक हात गजावर. बाहेर पाऊस आहे. दुसऱ्या हातात कागद आहे, घडी केलेला."

"मग उदास आहे हे तू ठरवलंस," ती म्हणाली. आणि तिनं सांगितलेल्या वर्णनात ती मुलगी उदास नव्हतीच. पत्राचं उत्तर काय लिहावं याचा विचार करत, पाऊस थांबायची वाट बघत होती.

लिहायचं कसं हे मला त्या खोलीत कळलं. त्याच दिवशी हेही कळलं की मजकूर आणि माणूस यांच्यामध्ये दार असतं, आणि ते बंद आहे हे आत असलेल्यांना दिसत नाही. तेव्हापासून माझी आवड कुठे संपते आणि सामाजिक प्रश्न कुठे सुरू होतो, हे मला वेगळं काढून दाखवता आलेलं नाही.

नंतर लुई ब्रेल यांच्याबद्दल वाचलं. जन्म १८०९ चा. तीन वर्षांचे असताना वडिलांच्या कारखान्यात आरीनं डोळ्याला इजा झाली आणि पुढे दोन्ही डोळ्यांची दृष्टी गेली. पॅरिसमधल्या अंध मुलांच्या शाळेत तेव्हा नेहमीचीच अक्षरं कागदावर उठवून छापलेली पुस्तकं होती: जाडजूड, आणि एकेक अक्षर बोटानं चाचपत वाचायची. मग शार्ल बार्बिए यांची, बोटांनी वाचायच्या १२ उठावदार ठिपक्यांची पद्धत तिथे पोहोचली. बार्बिए यांना चांगलं दिसत होतं. त्यांची ठिपक्यांची चौकट उंच होती, एका बोटाच्या टोकाखाली पूर्ण मावत नव्हती. शिवाय ती नुसते ध्वनी दाखवायची, शुद्धलेखन आणि विरामचिन्हं दाखवत नव्हती. ब्रेल यांनी ती ६ ठिपक्यांवर आणली. १८२४ मध्ये, वयाच्या १५ व्या वर्षी, त्यांची लिपी आकाराला आली होती. शाळेनं ती अधिकृतपणे स्वीकारली १८५४ मध्ये, ब्रेल जाऊन दोन वर्षं झाल्यावर. मुलं मात्र ती आधीपासूनच वापरत होती. ज्याला वाचायचंय त्याला न विचारता केलेली सोय कुठे अडते, हे त्या बोटाच्या टोकाएवढ्या जागेत दिसतं.

ताईनं मला ब्रेल पाटीवर लिहायला शिकवलं. कागदाच्या मागच्या बाजूनं ठिपके टोचायचे, म्हणून लिहायचं उजवीकडून डावीकडे, आणि कागद उलटला की वाचायचं डावीकडून उजवीकडे. आपल्या भाषांसाठी भारती ब्रेल आहे. तिच्यातली एक गोष्ट मला फार आवडते. छापील 'कि' मध्ये वेलांटी व्यंजनाच्या आधी येते, ब्रेलमध्ये आधी 'क' आणि मग 'इ'. म्हणजे आपण उच्चारतो त्याच क्रमानं.

आता सगळं ऐकता येतं, मग ब्रेल कशाला, असंही विचारतात. मी स्वतः पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करते, तेव्हा ऐकण्याला कमी लेखणार नाही. पण नुसतं ऐकणाऱ्याला परिच्छेद कुठे बदलला हे कळत नाही, शब्द ऱ्हस्व की दीर्घ हे कळत नाही. डोळस मुलाला कुणी 'तू ऐकत जा, अक्षरं शिकू नकोस' म्हटलं तर आपण चिडू. इथेही चिडायला हवं.

वर्ल्ड ब्लाइंड युनियन ही जागतिक संघटना याला पुस्तकांचा दुष्काळ म्हणते. छापल्या जाणाऱ्या पुस्तकांपैकी १० टक्क्यांहूनही कमी पुस्तकं अंध वाचकांना वाचता येतील अशा रूपात मिळतात, असा तिचा अंदाज आहे. कॉपीराइटचा अडसर मोठा होता: ब्रेल किंवा ध्वनी आवृत्ती काढायला अनेक देशांत परवानगी लागायची, आणि एका देशात काढलेली आवृत्ती दुसऱ्या देशात कायद्यानं पाठवता येत नसे. तेच पुस्तक पुन्हा पहिल्यापासून. २०१३ मध्ये मोरोक्कोतल्या माराकेशला यासाठी आंतरराष्ट्रीय करार झाला. २०१४ मध्ये त्याला मान्यता देणारा पहिला देश भारत होता, आणि २०१६ मध्ये तो अमलात आला. लेखक म्हणून मला कॉपीराइट हवा आहे. माझं पुस्तक कुणाच्या बोटांपर्यंत पोहोचू नये यासाठी मात्र तो नको आहे.

आणि कायदा नसलेल्या जागाही आहेत, जिथे दार आपणच लावतो. कविता चित्रावर टाइप करून टाकतो आणि चित्राचं वर्णन लिहीत नाही. पडदा वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर तिथे फार तर 'चित्र' एवढंच म्हणतं. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधला मराठी लेख तसाच पाठवतो. त्याच्या जागी ताईला रोमन अक्षरं आणि चिन्हांचा गोंधळ ऐकू येतो. मी हे दोन्ही केलेलं आहे. माझी पहिली छापून आलेली कथा मी ताईला मोठ्या आनंदानं पाठवली, आणि ती फोनवर म्हणाली, "काहीच वाचता येत नाहीये गं." त्या रात्री मी पूर्ण कथा युनिकोडमध्ये पुन्हा टाइप केली.

तर, घरात कुणी नाही. पण माझी प्रत्येक कथा छापायच्या आधी ताईकडे जाते, आणि अजूनही एखाद्या ओळीशी तिची तीच टीप येते: इथे तू ठरवलंस.

सध्या मी भूगोलाचं एक पुस्तक ध्वनिमुद्रित करतेय. सातव्या प्रकरणात एका नदीच्या खोऱ्याचा नकाशा आहे, आणि मजकुरात फक्त 'नकाशा पाहा' एवढंच. तीनदा वर्णन लिहिलं, तीनदा खोडलं. उगमापासून सुरुवात करावी की मुखापासून, हे अजून ठरत नाहीये. उद्या ताईला फोन करून विचारणार आहे.