लॉग फाइल पुसली, तरी जागा का सुटत नाही?

सर्व्हरची डिस्क भरली की पहिला संशय लॉग फाइलींवर, म्हणजे प्रोग्रॅम आपल्या कामाच्या नोंदी लिहितात त्या फाइलींवर, जातो आणि बहुतेक वेळा तो खराही ठरतो. मग घाईघाईने एखादी अवाढव्य फाइल ‘आरएम’ या पुसण्याच्या कमांडने काढून टाकली जाते. फाइलींचा आकार मोजणारी ‘डीयू’ चालवल्यावर डिरेक्टरी हलकी झालेली दिसते, डिस्कवरची मोकळी जागा सांगणारी ‘डीएफ’ मात्र डिस्क अजूनही शंभर टक्के भरलेलीच दाखवते. नवख्या माणसाला हा यंत्राचा लहरीपणा वाटतो, पण लॉगच्या वाढीवर लगाम घालण्याची सारी गुंतागुंत या एका विसंगतीत दडलेली आहे.

लिनक्समध्ये फाइलचे नाव आणि फाइलचा मजकूर या दोन वेगळ्या गोष्टी असतात. ‘आरएम’ फक्त नाव काढते. मजकुराने व्यापलेली जागा तेव्हाच सुटते, जेव्हा शेवटचे नाव गेलेले असते आणि ती फाइल उघडून बसलेल्या शेवटच्या प्रोसेसनेही (चालू प्रोग्रॅमनेही) ती बंद केलेली असते. वेब सर्व्हर किंवा डेटाबेस आपली लॉग फाइल महिनोन्‌महिने उघडी ठेवतो, त्यामुळे नाव गेल्यानंतरही तो त्याच फाइलमध्ये निवांतपणे लिहीत राहतो, आणि आता ती फाइल यादी दाखवणाऱ्या ‘एलएस’ला दिसतही नाही. उघड्या फाइलींची यादी देणाऱ्या ‘एलएसओएफ’ला ‘प्लस एल वन’ हा पर्याय दिल्यास अशा बेवारस फाइली, त्या धरून ठेवणाऱ्या प्रोसेसच्या क्रमांकासह, समोर येतात. ती सेवा रीस्टार्ट केली की जागा लगेच मोकळी होते. चालू लॉग तातडीने रिकामा करायचाच असेल, तर तो न पुसता ‘ट्रंकेट’ने शून्य बाइटचा करणे हा त्याहून बरा मार्ग आहे.

‘लॉगरोटेट’ हे लॉग फाइली ठरावीक काळाने फिरवणारे (रोटेट करणारे) साधन हेच काम शिस्तीने करते, पण तेही याच नियमाला बांधलेले आहे. ते जुन्या फाइलचे नाव बदलते, नवी रिकामी फाइल तयार करते आणि ठरवलेल्या संख्येपलीकडच्या जुन्या प्रती काढून टाकते. मात्र नाव बदलल्याची खबर लिहिणाऱ्या प्रोग्रॅमला आपोआप लागत नाही, म्हणून कॉन्फिगरेशनच्या ‘पोस्टरोटेट’ या, फिरवण्यानंतर चालणाऱ्या, विभागात त्याला सिग्नल पाठवून फाइल पुन्हा उघडायला सांगावे लागते. एनजिनेक्स या वेब सर्व्हरला त्यासाठी ‘यूएसआर१’ हा सिग्नल लागतो, तर सिस्टमच्या नोंदी गोळा करणाऱ्या आरसिसलॉगला ‘हप’. सिग्नलनंतरही काही क्षण जुन्याच फाइलमध्ये ओळी पडू शकतात, आणि ‘डिलेकम्प्रेस’ लिहून ताजी प्रत एक फेरी कम्प्रेस न करता ठेवतात ती याचसाठी.

ज्या प्रोग्रॅमला फाइल पुन्हा उघडता येत नाही, त्याच्यासाठी ‘कॉपीट्रंकेट’ हा पर्याय आहे. तो वापरायला सोपा असल्यामुळे सरसकट सगळीकडे डकवला जातो, हे मला फारसे पटत नाही. त्यात आधी पूर्ण फाइलची प्रत काढली जाते आणि मग मूळ फाइल रिकामी केली जाते. या दोहोंमधल्या क्षणात लिहिलेल्या ओळी कायमच्या जातात. शिवाय प्रत काढण्यासाठी मूळ फाइलइतकीच जागा लागते, म्हणजे डिस्क काठोकाठ भरलेली असताना, नेमक्या गरजेच्या वेळी, हा उपाय लंगडा पडतो. प्रोग्रॅमने फाइल अपेंड पद्धतीने, म्हणजे नेहमी शेवटी जोडत लिहिण्यासाठी, उघडलेली नसेल तर तो जुन्या जागेपासूनच पुढे लिहू लागतो, त्यामुळे मधे पोकळी असलेली फाइल तयार होते आणि ‘एलएस’मध्ये तिचा आकार पुन्हा पूर्वीइतकाच दिसू लागतो.

आकाराच्या मर्यादेबद्दलचा गैरसमज तर याहूनही व्यापक आहे. कॉन्फिगरेशनमध्ये ‘साइझ १००एम’ लिहिले म्हणजे फाइल शंभर एमबीच्या पुढे जाणारच नाही, असे पुष्कळांना वाटते. पण लॉगरोटेट हे सतत पहारा देणारे डेमन (पार्श्वभूमीत चालत राहणारा प्रोग्रॅम) नाही. ठरल्या वेळी कामे चालवणारा क्रॉन किंवा सिस्टमडीचा (लिनक्सच्या सेवा सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमचा) टायमर त्याला जागे करतो, आणि बहुतेक ठिकाणी तो दिवसातून एकदाच करतो. एखाद्या बिघाडात एकच एरर सेकंदाला शेकडो वेळा नोंदवली जाऊ लागली, तर पुढच्या फेरीपर्यंत फाइल कितीही वाढू शकते. त्यामुळे आकाराची अट घालायची असेल तर टायमरही तासागणिक चालणारा हवा. ‘साइझ’ दिल्यास ‘डेली’, ‘वीकली’सारखी मुदत बाजूला पडते, मुदतही पाळायची आणि फाइल फार फुगल्यास त्याआधीच फिरवायची असेल, तर ‘मॅक्ससाइझ’ वापरावे.

लॉगरोटेटच्या आवाक्याबाहेर वाढणाऱ्या दोन जागाही तपासायला हव्यात. सिस्टमडीचे जर्नल, म्हणजे त्याचा स्वतःचा नोंदींचा साठा, स्वतःची मर्यादा स्वतः पाळते: डिस्कवरच्या जर्नलसाठी ती मूळ सेटिंगमध्ये फाइलसिस्टमच्या १० टक्के आणि जास्तीत जास्त ४ जीबी असते, आणि ‘सिस्टममॅक्सयूज’ने ती कमी करता येते. प्रोग्रॅम वेगळ्या कप्प्यांत (कंटेनरमध्ये) चालवणाऱ्या डॉकरची गोष्ट उलटी आहे. त्याचा लॉग लिहिणारा ‘जेसन-फाइल’ ड्रायव्हर मूळ सेटिंगमध्ये कोणतीही मर्यादा घालत नाही, त्यामुळे ‘मॅक्स-साइझ’ आणि ‘मॅक्स-फाइल’ आपणच द्यावे लागतात. डॉकर डेमनच्या कॉन्फिगरेशनमधला बदल फक्त नव्याने तयार होणाऱ्या कंटेनरना लागू होतो, ही बाब हमखास नजरेतून सुटते. जुना कंटेनर केवळ रीस्टार्ट केल्याने काही बदलत नाही.

प्रत्यक्ष वापरातल्या सर्व्हरवर (प्रॉडक्शनमध्ये) बारीकसारीक गोष्टही नोंदवणारी डीबग पातळी चालू राहिलेली नाही ना, हे अर्थातच सर्वांत आधी पाहावे. लॉगसाठी वेगळे पार्टिशन (डिस्कचा स्वतंत्र भाग) ठेवले तर निदान लॉग भरल्याने मूळ सिस्टम अडून बसत नाही.

नवे कॉन्फिगरेशन ‘लॉगरोटेट’ला ‘डी’ पर्याय देऊन तपासले, तर काहीही न बदलता ते काय करणार आहे एवढे कळते. पण त्यात सिग्नल प्रत्यक्ष पाठवला जात नाही, त्यामुळे सेवेने फाइल पुन्हा उघडली की नाही, याचा पत्ता त्यातून लागत नाही. म्हणून ‘एफ’ पर्यायाने एकदा सक्तीने रोटेट करून पाहावे, सेवेकडे एखादी विनंती पाठवावी आणि नवी ओळ कोणत्या फाइलमध्ये उमटते ते बघावे. ती ‘डॉट वन’ नावाच्या जुन्या फाइलमध्ये उमटत असेल, तर ‘पोस्टरोटेट’ विभाग पुन्हा उघडून वाचायला हवा.