नऊ वाफा, नऊ उन्हं

दीह्वांग हे एक चिनी औषधी मूळ. या नावाचा अर्थ ‘जमिनीतलं पिवळं’. औषधाच्या दुकानात मात्र ते मिळतं काळं कुळकुळीत, खजुरासारखं चिकट. मूळ तेच, मधे चूल आणि ऊन येऊन जातं.

हेनान प्रांतातल्या ज्याओझुओ भागात याचा मान मोठा. तिथल्या चार नामांकित औषधींत हे एक. दुसरी एक आहे न्योशी, म्हणजे आपल्या गौरीला लागणाऱ्या आघाड्याची चुलत बहीण. दीह्वांगचं रोप दिसायला साधंच, जमिनीला टेकलेली केसाळ पानं आणि जांभळट नळकांडी फुलं, पण स्वभाव नखरेल. पाणी साचलं की मुळं कुजतात, आणि एकदा पीक काढलं की आठ-दहा वर्षं त्याच शेतात पुन्हा लावून उपयोग नाही. लावलं तर मुळं पोसतच नाहीत, नुसत्या शेपट्या हाती येतात.

जुनी पारख पाण्यातली. तरंगलं ते ‘आकाशाचं पिवळं’, मधेच लटकलं ते ‘माणसाचं’, तळाला गेलं तेच खरं ‘जमिनीचं’.

ताजं मूळ टिकत नाही, म्हणून मंद आचेवर साधारण ऐंशी टक्के सुकवतात. इथे घाई नडते. सुरुवातीलाच आच वाढवली की साल कडक होते आणि पोटातला ओलावा आतच अडकतो. नीट सुकलेलं मूळ आतून काळपट आणि चिकट दिसतं. हे झालं ‘कच्चं’ दीह्वांग. चिनी वैद्य ते थंड मानतात, अंगातल्या उष्णतेवर देतात. शिजवलेलं मात्र गरमट धरतात आणि रक्त भरून काढायला वापरतात.

शिजवायचं प्रमाण असं: 100 किलो सुक्या मुळांना 30 ते 50 किलो पिवळी दारू, म्हणजे धान्य आंबवून केलेली. मुळं तीत मुरवायची, झाकण घट्ट लावायचं, आणि भांडं थेट जाळावर न ठेवता उकळत्या पाण्यात ठेवून दारू पूर्ण जिरेपर्यंत शिजवायचं. लोखंडाचं भांडं जुन्या लोकांना चालत नसे. मग वरचा चिकटा जरासा सुकेपर्यंत उन्हात, आणि जाड काप. वाफवताना खाली गळलेला रस टाकून द्यायचा नाही, मुळांनाच परत पाजायचा. सगळा गोडवा त्यातच उतरलेला असतो.

चिनी वैद्य ली शीझेनने 1578 साली पूर्ण केलेल्या औषधकोशात दारूबरोबर शारनची पूडही सांगितली आहे. शारन आपल्या वेलदोड्याच्या कुळातलं. कारण साधं आहे: दीह्वांग पोटात चिखलासारखं बसतं, भूक मरते, शौचाला पातळ होतं. आपण वालाला ओवा घालतो, त्यातलाच प्रकार. ली शीझेनच्या कृतीत वाफ आणि ऊन नऊ-नऊ वेळा. पण चिनी भाषेत नऊ म्हणजे ‘पुष्कळ’सुद्धा, आणि आजचा सरकारी औषधकोश वाफा मोजत बसत नाही, काळंभोर आणि ओलसर झालं पाहिजे, एवढंच म्हणतो. ते जास्त शहाणपणाचं वाटतं. मुळातल्या मोठ्या साखरा फुटून छोट्या होतात, कडवटपणा ओसरतो, आणि त्याला लागायचा तो वेळ लागतोच.

उन्हाचा भरवसा नसेल तर मात्र वाफेच्या फंदात पडू नये. इतक्या गोड, ओल्या मालाला बुरशी लगेच धरते.

सगळ्यात जाड मूळ निवडून मधोमध कापावं. गाभ्यात तपकिरी ठिपका राहिला असेल आणि जिभेला कडवट लागत असेल, तर सगळा घाणा परत वाफेवर.