न फुटलेल्या अंड्यालाही परवाना लागतो

आज रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला कासवांच्या हॅचरीतलं, म्हणजे अंडी जपायच्या कुंपणातलं, एक घरटं उकरलं. पिल्लं समुद्रात गेली होती. तळाला राहिली होती फक्त सुरकुतलेली टरफलं आणि काही न फुटलेली अंडी, ओल्या वाळूने माखलेली. सोबतच्या विद्यार्थिनीने विचारलं, "काका, यातलं एक डीएनए तपासायला नेऊ?"

घरटी राखणाऱ्या गावातल्या कासवमित्र काकांनी हात आडवा धरला. "परवानगीचा कागद आण बाय, मग खुशाल ने."

काकांचं बरोबरच होतं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंड्यांनाही संरक्षण आहे आणि इथलं ऑलिव्ह रिडले जातीचं कासव पहिल्या, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या, अनुसूचीत येतं. संशोधनासाठी मुख्य वन्यजीव रक्षकांचा लेखी परवाना लागतो, त्याआधी केंद्राची संमती. नमुना परदेशी प्रयोगशाळेत पाठवायचा तर 'साइटिस'ची, म्हणजे वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराची, कागदपत्रं वेगळी. २०२२ च्या जानेवारीत याच किनाऱ्यावरून 'प्रथमा' नावाच्या कासविणीला सॅटेलाइट ट्रान्समीटर लावून सोडलं, ते सरकारी परवानगी घेऊनच.

हा जाच आहे असं मला अजिबात वाटत नाही. एकेकाळी इथली अंडी सर्रास खाल्ली जायची, विकली जायची. आज एका मेलेल्या अंड्यासाठीही गावातला माणूस कागद मागतो, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

फक्त एक कळकळीची मागणी आहे. कासवांचा हंगाम साधारण नोव्हेंबर ते मे. अर्जाचं उत्तर जूनमध्ये आलं तर त्या मुलीचं अख्खं वर्ष जातं. छाननी कडक करा, पण निर्णय दिवाळीआधी द्या.