कंपासपेटीतलं प्रेम

रविवारी संध्याकाळी सातवीतली लेक वही घेऊन माझ्यासमोर येऊन बसली. "आई, वर्तुळ जुळतच नाहीये." साडेतीन सेंटीमीटर त्रिज्या घेऊन तिने तीनदा काढलं होतं आणि तिन्ही वेळा पेन्सिल निघाल्या जागी न येता दोन मिलिमीटर बाहेरून निसटली होती. वहीच्या पानाला मधोमध भोक पडलं होतं ते वेगळंच. दोष तिचा नव्हता. कंपासाचे दोन पाय जोडणारा वरचा स्क्रू ढिला झाला होता, त्यामुळे फिरता फिरता पाय आपोआप फाकत होते. सुरीच्या टोकाने तो आवळून दिला. वर्तुळ जुळलं. ती पुढच्या गणिताला लागली आणि मी मात्र कंपास हातात घेऊन बसून राहिले.

आमच्या शाळेत त्याला सरसकट कर्कटकच म्हणायचे. खरं कर्कटक म्हणजे दोन्ही टोकं अणकुचीदार असलेलं, आणि त्याचा मुख्य उपयोग बाकावर बदाम कोरून त्यातून बाण आरपार काढणं हा. तेव्हा प्रेमाचा आणि कंपासपेटीचा संबंध मला नवा नव्हता. पण कॉलेजात इंग्रजीच्या तासाला जॉन डन हा चारशे वर्षांपूर्वीचा इंग्रज कवी भेटला आणि कळलं की बदाम कोरण्यापेक्षा त्या पेटीतून बरंच काही काढता येतं.

डनचं चरित्र लिहिणारा आयझॅक वॉल्टन सांगतो ती हकीकत अशी. 1611 साली डन सर रॉबर्ट ड्रूरी या आश्रयदात्याबरोबर फ्रान्सला निघाला. बायको ॲन पोटुशी होती, तिचं मन धजत नव्हतं, जाऊ नका म्हणत होती. त्या वेळी त्याने तिला एक कविता दिली: छत्तीस ओळींची, निरोपाची, रडू नकोस असं सांगणारी.

आता निघताना रडणाऱ्या बायकोला माणूस काय सांगतो? लवकर येईन, पत्र पाठवीन, जपून राहा. डन मुद्दे मांडतो. सज्जन माणसाचा प्राण इतका हळू जातो की उशाशी बसलेल्यांना श्वास थांबला की चालू आहे ते कळत नाही. आपणही तसेच वेगळे होऊ या. भूकंपाने माणसं घाबरतात, पण आकाशातले गोल त्याहून कितीतरी मोठे हलतात आणि कुणाचं काही बिघडत नाही. आपला विरह म्हणजे तुटणं नव्हे, पसरणं आहे, सोन्याचा ठोकून ठोकून वर्ख करावा तसं. एक ग्रॅम सोन्याचा जवळजवळ एक चौरस मीटर वर्ख निघतो म्हणतात. एवढ्याशा सोन्याने लंडन ते पॅरिस अंतर काही भरणार नाही, पण भाव बरोबर पोचतो.

आणि मग शेवटच्या तीन कडव्यांत कंपास. आपले जीव दोन असतीलच तर कंपासाच्या दोन पायांसारखे आहेत, तो म्हणतो. तू स्थिर पाय. तू जागची हलत नाहीस, पण मी लांब गेलो की तू माझ्या दिशेने झुकतेस, कान देऊन ऐकतेस, आणि मी घरी आलो की पुन्हा ताठ उभी राहतेस.

हे वाचलं तेव्हा मी वसतिगृहातल्या खोलीत खरंच कंपास काढून बघितला होता. पाय फाकवला की मधला पायही कलतो. मिटवला की दोन्ही सरळ. पाचवीपासून ही वस्तू वापरत होते, हे कधी पाहिलंच नव्हतं.

सॅम्युएल जॉन्सन या इंग्रज समीक्षकाला मात्र हा प्रकार पटला नव्हता. अठराव्या शतकात त्याने डन आणि त्याच्यासारख्या मंडळींना मेटाफिजिकल, म्हणजे तत्त्वचर्चा करणारे, कवी असं लेबल लावलं आणि तक्रार केली की हे लोक एकमेकांशी काडीचा संबंध नसलेल्या कल्पना जबरदस्तीने एका जुवाला जुंपतात. कंपासाबद्दल तर त्याचं म्हणणं, यात वेडगळपणा जास्त की चातुर्य जास्त, हेच ठरवता येत नाही. मोठा माणूस, पण इथे त्याचं चुकलं असं मला वाटतं. चंद्रासारखं मुख म्हणायला चंद्राकडे बघावं लागत नाही. कुणीतरी आधीच बघून ठेवलेलं असतं. कंपासाचा झुकलेला पाय दिसायला मात्र तो हातात धरून फाकवावा लागतो.

जॉन्सनची तक्रार डनच्याच ‘पिसू’ या कवितेला लागू करायची तर मी एवढी भांडणार नाही. तिथे डन ऐन तरुण आणि चावट आहे. पिसू आधी त्याला चावली, मग त्याच्या प्रेयसीला. झालं! आपल्या दोघांचं रक्त हिच्या पोटात एक झालंच आहे, मग आता आढेवेढे कशाला? ती पिसू मारायला जाते तर हा आडवा येतो: थांब, हिच्यात तीन जीव आहेत, ही आपली शेज, हेच आपलं देऊळ. दुसऱ्या आणि तिसऱ्या कडव्यामधल्या कोऱ्या जागेत ती पिसू चिरडते. वकिलाचा दावा निकालात निघाला असं वाटतं, तोच हा म्हणतो, बघ, पिसू मेली तरी तुला काही झालं नाही ना? माझं ऐकलंस तर तुझी अब्रूही एवढीच जाईल. डन लिंकन्स इनमध्ये कायदा शिकला होता, ते लपत नाही. अख्ख्या कवितेत तिच्या तोंडचं थेट एक वाक्य नाही. आहे ते फक्त नख, आणि माझ्या मते वाद तेच जिंकतं.

अँड्र्यू मार्व्हेल हा डननंतरचा कवी, इंग्लंडमधल्या हल शहराचा खासदार. त्याचं पटवणं अधिक सभ्य सुरात सुरू होतं: वेळ अमाप असता तर तू गंगेकाठी माणकं वेचली असतीस, मी हंबर नदीच्या काठी कुढत बसलो असतो, आणि माझं ‘व्हेजिटेबल’ प्रेम साम्राज्यांपेक्षा मोठं होत गेलं असतं. वनस्पतीसारखं सावकाश वाढणारं, असा त्याचा अर्थ. बाई तो समजावत असताना मागच्या बाकावरून "कोबी" असा आवाज आला, आणि ती कविता आमच्या वर्गापुरती कायमची कोबी झाली. पण कंपासपेटीशी नातं सांगणारी त्याची कविता वेगळी आहे. तिरक्या रेषांची प्रेमं कुठल्या ना कुठल्या कोनात भेटतात, तो म्हणतो. आपली प्रेमं इतकी नेमकी समांतर की अनंतापर्यंत गेली तरी भेटायची नाहीत. गुण्या सरकवत समांतर रेषा काढताना कुणाच्या पोटात कालवलं असेल, हे मला आधी सांगितलं असतं तर मी हसले असते.

"काय बघतेयस त्यात?" लेकीने विचारलं. मग सांगितली तिला कंपासाची कविता, पिसू वगळून. तिने कंपास फाकवून पाहिला, मिटवून पाहिला. झुकणं तिला पटलं. पण लगेच पुढचं: "स्थिर पाय ती का? तिने का नाही जायचं?"

याचं उत्तर कवितेत नाही. 1601 च्या डिसेंबरात त्यांनी चोरून लग्न केलं तेव्हा ॲन जेमतेम सतरा वर्षांची होती. तिचे वडील सर जॉर्ज मोर इतके भडकले की जावयाला तुरुंगात जावं लागलं आणि सर थॉमस एगर्टन यांच्याकडची चांगली नोकरी गेली ती गेलीच. पुढच्या सोळा वर्षांत तिची बारा बाळंतपणं झाली. तो फ्रान्सला असताना झालेलं मूल मृत जन्मलं. 1617 साली बाराव्या खेपेनंतर ती गेली, तेहतीस वर्षांची. तिने जायचं कुठे आणि कधी?

लेकीला मी यातलं निम्मंच सांगितलं. ती जराशी गप्प झाली, मग पुन्हा वहीत डोकं घालून म्हणाली, "पण आई, हे चुकलंय. वर्तुळ काढताना पेन्सिल मध्यावर येतच नाही. ती कडेकडेनेच फिरते. मग घरी कुठे आली?"

मी बघितलं. खरंच होतं. डन एका दमात दोन गोष्टी बोलतो: फिरता पाय घरी येतो म्हणतो आणि वर्तुळ पुरं करून निघालो तिथेच संपतो असंही म्हणतो. आणि ही दोन कामं कंपास एकाच वेळी करत नाही.

"पेटीत ठेवताना येते की," मी म्हटलं. "तेव्हा मिटतेसच ना."

तिने मिटून दाखवला. दोन्ही पाय एकमेकांना टेकले. पेटीत ठेवून झाकण दाबलं, ते लागेना.

"पेन्सिल काढून ठेव आधी," मी म्हटलं.